उत्क्रांती ‘नुसती थिअरी’ आहे का? दहावीच्या वर्गात काय सांगू?

खडूफळा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. घटक चाचणीत ‘उत्क्रांती सोदाहरण स्पष्ट करा’ असा साधा प्रश्न टाकला होता. बऱ्याच पेपरांत उत्तराच्या शेवटी एकच वाक्य आलं: ‘परंतु ही केवळ डार्विनची थिअरी आहे, ती अजून सिद्ध झालेली नाही.’ धड्यात हे वाक्य नाही, मीही सांगितलेलं नाही. मोबाइलवरच्या कुठल्या तरी व्हिडिओतून आलेलं दिसतंय.

स्टाफरूममध्ये विषय काढला तर दोन तट पडले. गणिताचे सर म्हणाले, मुलं बरोबरच लिहितात, पायथागोरससारखं सिद्ध करून दाखवा, मग मानू. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, फॅक्ट आहे म्हणून ठणकावून सांगा आणि पुढचा धडा घ्या. मला दोघांचंही पटलं नाही. माझा कल ‘दोन्ही’कडे आहे. पण पंधरा वर्षांच्या पोराला ‘दोन्ही’ असं सांगितलं की सरांनाच नीट माहीत नाही असं त्याला वाटतं. त्यात त्याची चूक नाही.

तर उत्क्रांतीला तथ्य म्हणायचं, सिद्धांत म्हणायचं, की दोन्ही? दोन्ही असेल तर त्यातला कुठला भाग काय? उदाहरणं शक्यतो आपल्याकडची द्या. जिराफाची मान आणि गॅलापागोसच्या फिंच मुलांना पाठ आहेत, पटत मात्र नाहीत.

टवाळ

थिअरीचे मार्क कापा, प्रॅक्टिकलचे पूर्ण द्या. (हलके घ्या.)

कुंभारमाशी

सर, मी कीटकांवर काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

लोक ‘उत्क्रांती’ म्हणतात तेव्हा कुणाच्या डोक्यात काय असतं ते आधी विचारावं. पिढ्यान्‌पिढ्या सजीवांच्या समूहातली जनुकांची प्रमाणं बदलतात, हे आम्ही प्रयोगशाळेत आणि शेतात मोजतो. त्यात वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. आजचे सगळे सजीव समान पूर्वजांपासून फुटत आले, हे इतिहासाबद्दलचं विधान आहे. ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण पुरावा इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी येतो की मी त्यालाही तथ्यच म्हणते. आणि हे सगळं कशामुळे घडतं, नैसर्गिक निवडीचा वाटा किती, निव्वळ योगायोगाचा किती, हा झाला सिद्धांत. तो भाग जिवंत आहे, त्यावर आम्ही भांडतो. जपानच्या मोटू किमुराने १९६८ मध्ये मांडलं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते नुसते योगायोगाने टिकतात. त्यावर पुढे कित्येक वर्षं हमरीतुमरी चालली. पण त्या भांडणातल्या एकाही पक्षाला उत्क्रांती घडली की नाही अशी शंका नव्हती.

‘डार्विनची थिअरी’ या शब्दांनीही घोटाळा होतो. डार्विनला आनुवंशिकता कशी चालते ते ठाऊक नव्हतं. त्याचा ग्रंथ १८५९ चा, मेंडेलचा निबंध छापून आला १८६६ मध्ये, आणि तोही पुढे तीसेक वर्षं कुणी वाचला नाही. डार्विनने त्याबद्दल जे तर्क केले ते साफ चुकले. त्यामुळे डार्विन इथे चुकला, तिथे चुकला अशी यादी कुणी दाखवली तर आमची त्याला हरकत नसते.

निमसत्य

कुंभारमाशी, पहिला मुद्दा मान्य, तिसरा मान्य. मधल्याला तथ्य म्हणण्याला माझा विरोध आहे. मी उत्क्रांतीविरोधी नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचे प्रतिसाद त्यावरच जातील.

तथ्य म्हणजे जे पाहिलं, मोजलं. अमुक थरात अमुक हाड सापडलं हे तथ्य. समान पूर्वज हे त्यावरून काढलेलं अनुमान आहे. कितीही भक्कम असलं तरी अनुमानच. त्याला तथ्य म्हटलं की पोराला वाटतं इथे प्रश्न विचारायचा नाही. इंग्रजीच्या मॅडमचा ‘ठणकावून सांगा’ हा सल्ला मला गणिताच्या सरांच्या सल्ल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर, त्याच्यासारख्या माणसालाही नैसर्गिक निवड हा तपासता येण्याजोगा सिद्धांत वाटत नव्हता.

कुंभारमाशी

पॉपरचं पुढचंही सांगा ना. १९७८ मध्ये छापून आलेल्या व्याख्यानात त्याने ते मत मागे घेतलं. सिद्धांत तपासता येतो, असं त्याने स्पष्ट म्हटलं. लोक पॉपरला अर्ध्यातच सोडून देतात.

लाव्हारस

निमसत्य, प्रोफाइलवर पुणे दिसतंय. सिंहगड चढला असालच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. हा सगळा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यातला एकही थर वाहताना कुणी पाहिलेला नाही. पण ‘सह्याद्री लाव्हाचा आहे ही केवळ थिअरी’ असं लिहिणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. तुमच्या व्याख्येने हेही तथ्य नाही. मग सह्याद्रीवरही प्रश्नचिन्ह टाकणार का?

आता एवढा लाव्हा आला कुठून? आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून भारताचं भूखंड सरकलं, तेव्हा तो बाहेर पडला, ही झाली थिअरी. डायनासोर या लाव्हामुळे गेले, मेक्सिकोत चिक्शुलूबला आदळलेल्या अशनीमुळे गेले, की दोघांनी मिळून त्यांना संपवलं, यावर आमच्याकडे अजून जोरात भांडणं आहेत. भांडणामुळे बेसाल्ट, म्हणजे हा काळा पाषाण, खोटा ठरत नाही. खडूफळा सर, तुमच्या शाळेच्या आसपास काळा दगड असेल तर वर्गात ठेवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

निमसत्य

छान उदाहरण आहे, पण दगड तुमच्यावरच उलटवतो. लोणार. ते ज्वालामुखीचं विवर आहे असं जुन्या भूवैज्ञानिकांपैकी अनेकांनी लिहून ठेवलंय. आजूबाजूला सगळा बेसाल्ट, त्यामुळे अनुमान नैसर्गिकच होतं. १९७३ मध्ये तिथे मास्केलिनाइट मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. प्रचंड आघाताशिवाय ही काच अशी तयार होत नाही. तेव्हापासून लोणार हे अशनीच्या आघाताचं विवर. मग आधीचं ‘तथ्य’ कुठे गेलं? म्हणूनच म्हणतो, अनुमानाला अनुमान म्हणा.

लाव्हारस

१.८ किलोमीटर व्यासाचा खळगा १९७३ च्या आधीही होता, नंतरही आहे. बदललं ते कारण. आणि ते बदललं कशाने? पुराव्याच्या कणांनी. उत्क्रांतीच्या विरुद्ध तसा मास्केलिनाइटचा एक कण दाखवा, आम्ही खुर्ची सोडतो.

तो कण कसा असेल तेही आधीच सांगून ठेवलेलं आहे. कुठला पुरावा मिळाला तर उत्क्रांती सोडाल, असं जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनला विचारलं तेव्हा तो ‘कॅम्ब्रियनपूर्व थरातला ससा’ म्हणाला, म्हणजे सस्तन प्राणी यायच्या कितीतरी आधीच्या दगडातला, असं सांगतात. (हा तोच हॉल्डेन, १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला गेला.) इतकी वर्षं जगभर खणतायत, ससा काही निघाला नाही.

टवाळ

भुवनेश्वरला ‘गेला’ म्हणजे फिरायला का?

लाव्हारस

नाही. वारला.

पऱ्हाटी

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला. लाव्हा न्‌ लोणार आपल्याले समजत नाही, पण सरांना आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर घ्या.

बीटी कापूस, म्हणजे ज्याच्या झाडातच अळी मारणारं विष असते तो, आला २००२ मध्ये. आमच्या गावात पसरायला दोनतीन वर्षं लागली. आधी अमेरिकन बोंडअळी, ती हिरवी, तिनं लोकांना फवारून फवारून कंगाल केलं होतं. बीटी लावलं न्‌ ती गेली. खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं सुखाची होती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत एक १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची, बिगरबीटीची. आम्ही त्याला रेफ्युजी म्हणतो. शेताच्या चारी बाजूंनी पाच ओळी त्याच्या लावायच्या. कोणी लावत नव्हतं. कोणाची पुडी धुऱ्यावर गेली, कोणी नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरली. दुकानदारच म्हणायचा, राहू द्या ते. कृषी विद्यापीठाचे लोक येऊन सांगायचे की पट्टा लावा, नाहीतर अळीला सवय होईल. पाच एकरवाल्या माणसाला म्हणायचं, चांगल्या जमिनीत पाच ओळी अळीला चारायला ठेव. ज्याचं कर्ज फिटायचं आहे त्यानं ऐकायचं कसं?

२००९-१० ला गुजरातेत गुलाबी बोंडअळी बीटीवर जगते अशी बातमी आली. तेव्हा दोन जनुकांचं बीजी-२ आलेलं होतं, आम्ही म्हटलं आपल्याला काय त्याचं. २०१७ च्या हंगामात आमच्याकडे आलं ते. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. डोमकळ्या, अळी लागून न उमललेली फुलं, तर आधीच दिसल्या होत्या. कापूस निघाला तो कवडी, म्हणजे किडका. वेचणीच्या बाया म्हणाल्या, असल्या रानात या भावात परवडत नाही, न्‌ खरंच होतं त्यांचं.

आता मला सांगा, ही थिअरी होती का फॅक्ट? पुडीवर छापलं होतं तेव्हा सगळ्यांना थिअरी वाटली. २०१७ ला फॅक्ट निघाली.

गवती_चहा

पऱ्हाटीभाऊ, दंडवत. धागा इथेच बंद केला तरी चालेल.

कुंभारमाशी

धागा बंद नको, आता कुठे रंगलाय.

पऱ्हाटीभाऊ, तुमच्या गोष्टीत एक शब्द बदलते, कारण सरांना वर्गात तोच नडेल. अळीला ‘सवय’ झाली नाही. बीटीचं विष खाऊन खाऊन एखादी अळी पक्की झाली असं घडलं नाही. लाखो अळ्यांत मूठभर अशा होत्या की ज्यांच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात आधीच बिघाड होता. विष चिकटायला जागाच नाही, म्हणून त्या मेल्या नाहीत. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिलावळ वाढली. सवयीचं स्पष्टीकरण लामार्कच्या वाटेने जातं, उरलेल्यांचं डार्विनच्या. दहावीच्या धड्यात दोघंही आहेत.

पाच ओळींचा हिशेबही यातूनच निघाला होता. बिघाडाचं जनुक अप्रभावी असेल, म्हणजे आईबाप दोघांकडून आलं तरच अळी वाचत असेल, तर त्या दुर्मीळ पतंगांना साध्या पतंगांशी जुगायला लावायचं. त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. साधे पतंग मिळावेत म्हणून बिगरबीटीचा पट्टा. हे गणित बीटी कापूस बाजारात येण्याआधी कागदावर मांडलेलं होतं.

आणि खरी मजा पुढे आहे. हिरवी अमेरिकन बोंडअळी बीटीला बरीच वर्षं दबून राहिली, गुलाबी अळीने मात्र फार लवकर डोकं वर काढलं. शेत तेच, विष तेच. फरक एवढाच की हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो काहीही खाते, त्यामुळे तिला फुकटचा बिगरबीटी पट्टा आजूबाजूला सगळीकडे मिळत होता. गुलाबी अळी जवळपास फक्त कापसावर जगते. तिला पट्टा मिळणार तो शेतकऱ्याने लावला तरच. अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी पट्टे लावले, तिथे प्रतिकार रोखला गेला. पुढे त्यांनी वंध्य पतंग सोडून अळी इतकी खाली आणली की २०१८ मध्ये कापूस पिकवणाऱ्या अमेरिकी भागातून ती नाहीशी झाल्याचं जाहीर झालं.

सर, एकच अळी, दोन देश. एकाच शेतात दोन अळ्या. सिद्धांत कशाला हवा असतो, ते यातून मुलांना कळेल.

पऱ्हाटी

ताई, ॲरिझोनातल्या शेतकऱ्याची जमीन किती न्‌ आमची किती तेही लिहा. आणि आमच्याकडं फरदड घेतात, म्हणजे हंगाम संपला तरी तेच पीक ठेवतात, मार्चपर्यंत पऱ्हाटी (कापसाचं झाड) उभी. अळीला बाराही महिने जेवण. बाकी तुमचं पटलं. सवय नाही, उरलेल्या वाढल्या. लिहून ठेवलं.

कुंभारमाशी

जमिनीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. सिद्धांत बरोबर असणं आणि सल्ला पाळता येण्यासारखा असणं यात फार अंतर असतं, आणि आमच्या क्षेत्रातले लोक ते सोयीस्करपणे विसरतात.

बीई_मेक

सगळं वाचलं. उत्तम माहिती. पण शेवटी अळी अळीच राहिली ना? गुलाबी अळीची गुलाबी अळीच झाली. तिचं फुलपाखरू नाही झालं, बेडूक तर नाहीच नाही. लहान बदल होतात हे कोण नाकारतंय? जमिनीवरचा प्राणी पाण्यातला मासा होतो, हे दाखवा. ती उडी मला अजून थिअरीच वाटते. आणि प्लीज ‘कोट्यवधी वर्षं लागतात’ असं सांगून गप्प करू नका.

टवाळ

तिचा पतंग होतो साहेब. फुलपाखराच्या जवळपास पोचली.

लाव्हारस

बीई_मेक, मासा नको, देवमासा चालेल? तो मासा नाहीच, पण तुमच्या प्रश्नाला तो बरोबर बसतो, आणि त्याचा माग आपल्याच उपखंडात आहे.

जम्मूतल्या कालाकोट भागातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते जीवाश्मतज्ज्ञ हान्स थ्युइसेन यांच्याकडे गेले, आणि त्यातून ‘इंडोह्यूस’ नावाचा प्राणी बाहेर आला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मांजराएवढा, हरणासारखे बारीक पाय, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. पण त्याच्या कानाच्या हाडाची आतली कड जाड आहे, आणि असलं हाड देवमाशांच्या कुळात दिसतं. पायाची हाडंही जड, पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यासारखी. पाकिस्तानात पाकिसीटस आणि अँब्युलोसीटस सापडले, कच्छमध्ये कच्छीसीटस. हे सगळे पायवाले देवमासे. पाय आखूड होत गेलेले, नाकपुडी वर सरकत गेलेली.

मला यातला सगळ्यात आवडतो तो घोटा. नव्वदच्या दशकात डीएनएवाले म्हणू लागले की देवमाशांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पाणघोडे. हाडांवर काम करणारे वैतागले, त्यांची गणितं वेगळी होती. २००१ मध्ये पाकिस्तानातून प्राचीन देवमाशांची घोट्याची हाडं मिळाली. ती दुहेरी कप्पीसारखी निघाली, गाय, डुक्कर, हरीण, पाणघोडा यांच्यात असते तशी. रक्त तपासणारे आणि दगड फोडणारे एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोचले. माझ्या लेखी याला तथ्य म्हणायला एवढं पुरतं.

निमसत्य

पुरतं. शब्द मात्र ‘तथ्य’ नाही. (चिडू नका, चहा पाजतो.)

आरोग्यसेविका

मी मेळघाटात काम करते. आमच्याकडे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करतो, आधी सोल्युबिलिटी, मग पॉझिटिव्ह आलं की इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक असेल तर समजावून सांगतो: नवरा-बायको दोघं वाहक असतील तर दर मुलामागे रोग होण्याची शक्यता चारात एक. लोक विचारतात, एवढा वाईट आजार आमच्याच लोकांत का? देवाचा कोप का? मी त्यांना मलेरियाचं सांगते. ज्याला सिकलचं एकच जनुक असतं त्याला जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. हे १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं गेलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ते जनुक टिकून राहिलं. तुमच्या रक्तात खोट नाही, तुमचे पणजोबा त्याच्यामुळे वाचले असतील, असं म्हटलं की चेहरा बदलतो.

थिअरी का फॅक्ट ते तुम्ही ठरवा. माझं काम दोन्हीशिवाय होत नाही.

नानासाहेब_६२

चर्चा चांगली चालली आहे, पण आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं याची कुणी दखल घेत नाही याचं वाईट वाटतं. मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे जमिनीवरचा सस्तन प्राणी, नरसिंह अर्धा पशू अर्धा मानव, वामन म्हणजे बुटका आदिमानव, परशुराम हातात परशू घेतलेला. डार्विनच्या आधी हजारो वर्षं. हॉल्डेन यांनीही याची नोंद घेतली होती. मुलांना हे सांगितलं तर पटकन पटेल.

अटलांटाकर

नानासाहेब, मुजरा. आमच्या मंडळाच्या गणपतीत हेच भाषण ऐकून आलोय, म्हणून रुमाल टाकून ठेवतो. आधी माझा मूळ प्रतिसाद.

खडूफळा सर, मुलांच्या पेपरातलं ते वाक्य ओळखीचं वाटलं. इथे अमेरिकेत, आमच्या शेजारच्या कॉब काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखं) २००२ मध्ये शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांवर स्टिकर लावले होते. मजकुराचा अर्थ असा: उत्क्रांती हे तथ्य नाही, थिअरी आहे, खुल्या मनाने आणि चिकित्सकपणे अभ्यासा. पालक कोर्टात गेले. जानेवारी २००५ मध्ये न्यायाधीशांनी स्टिकर घटनाबाह्य ठरवले, मग ते खरवडून काढावे लागले. वरच्या कोर्टाने २००६ मध्ये प्रकरण परत खाली पाठवलं, तेव्हा शाळा मंडळाने तडजोड केली आणि असले स्टिकर पुन्हा लावणार नाही असं मान्य केलं.

खुलं मन, चिकित्सा, यात वाईट काय? वाईट एवढंच की अणूच्या धड्यावर, जंतूंमुळे रोग होतात या धड्यावर असला स्टिकर नव्हता. चिकित्सा फक्त एकाच धड्याची. निमसत्य यांचा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो सगळ्या विज्ञानाला सारखा लावला तरच.

निमसत्य

सगळ्यालाच लावतो. अणूलाही. घरी याच कारणाने माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही.

गोदाकाठ

नानासाहेब, कीर्तन करणाऱ्याच्या घरातली आहे, म्हणून धाडस करते. दहा अवतारांची ही यादी प्रसिद्ध आहे, पण एकमेव नाही. भागवताचा पहिला स्कंध, तिसरा अध्याय काढा. तिथे बावीस अवतार मोजलेत. पहिले कुमार, दुसरा वराह, सहावे दत्तात्रेय, आणि मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. म्हणजे दत्तगुरूंच्या नंतर मासा. व्यासांना उत्क्रांती सांगायची असती तर त्यांनी क्रम असा लावला नसता. त्यांना वेगळंच काही सांगायचं होतं आणि ते त्यांनी फार सुंदर सांगितलंय. त्याला जीवशास्त्राची परीक्षा कशाला द्यायला लावायची?

लाव्हारस

गोदाकाठ, याच्यावर मी काही बोलणं म्हणजे आगाऊपणा. एवढंच जोडतो की दशावतारावरून कुणाला कुठे खणायचं ते कळलं नसतं. जीवाश्मतज्ज्ञ नील शूबिनच्या चमूने मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधल्या काळाचा, नदीकाठच्या गाळाचा खडक कुठे उघडा पडलाय ते नकाशात शोधलं, कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर गेले, आणि २००४ मध्ये टिकटालिक मिळाला. साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा, मान असलेला मासा.

नानासाहेब_६२

भागवतातला क्रम पाहिला. तरीही दशावताराचा क्रम योगायोग वाटत नाही. असो, आपापलं मत.

संपादक

वरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या पूर्वजांवर जाऊ नये. (विषय तोच असला तरी.)

टवाळ

संपादकांचा हा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे.

शिरवळचीसूनबाई

अटलांटाचं ऐकून हसू नका. जानेवारी २०१८ आठवतंय का? औरंगाबादला वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून विरोध केला. लाव्हारस यांचा सिंहगड तेव्हा कुणी दाखवायला हवा होता.

माझी मुलगी सीबीएसईला आहे. तिच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग गेला, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात आहे म्हणतात, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारी मुलं किती? आपल्या राज्य मंडळात धडा शिल्लक आहे याचं मला तरी बरं वाटतं. खडूफळा सर, तुम्ही तो शिकवताय हेच खूप.

बीई_मेक

देवमाशाचा घोटा वाचून काढला, शोधूनही पाहिलं. पटतंय. एक शंका उरली. माणसाचं काय? माकडांना २४ जोड्या गुणसूत्रं आणि आपल्याला २३, मग एक जोडी गेली कुठे? हे मी शाळेपासून ऐकतोय, उत्क्रांती खोटी असल्याचा पुरावा म्हणून.

कुंभारमाशी

तुम्ही पुरावा उलट्या बाजूने धरलाय. ‘माकड’ नको, चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान म्हणू या. त्यांना २४ जोड्या आहेत हे खरं. समान पूर्वज खरा असेल तर एक अख्खी जोडी हरवणं शक्य नाही, माणूस जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं जुळून एक झालेली असली पाहिजेत, आणि त्या जोडाची खूण सापडली पाहिजे. गुणसूत्राच्या टोकांना विशिष्ट क्रम असतो. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो टोकाचा क्रम मध्येच, उलटसुलट चिकटलेला सापडतो. शिवाय त्यात निकामी झालेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे अवशेष आहेत. खूण सापडली नसती तर आम्ही खरोखर अडचणीत आलो असतो.

निमसत्य, तपासणी म्हणजे आणखी काय असतं?

निमसत्य

हीच तर. म्हणूनच म्हणतो, सिद्धांत हा मोठा मान आहे. तपासून तपासून टिकला, भाकितं खरी निघाली, तरच तो सिद्धांत. तुम्ही त्याला ‘तथ्य’ करून खालच्या पायरीवर आणताय. तथ्यं सुटी असतात, सिद्धांत त्यांना बांधून घेतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. पूर्ण धागा प्रिंट काढून स्टाफरूममध्ये ठेवला. गणिताच्या सरांनी लोणारपर्यंत वाचलाय, आता ते निमसत्य यांच्या बाजूने आहेत. त्यांना एवढंच म्हटलं की पायथागोरसची सिद्धता कागदावर संपते, विज्ञानाची संपत नाही. त्यावर ते म्हणाले, म्हणूनच मी गणित घेतलं.

मी ठरवलंय ते असं. ‘फॅक्ट की थिअरी’ हा प्रश्न वर्गात पहिल्यांदा विचारायचाच नाही. आधी गुलाबी बोंडअळी, मग काळा दगड, मग देवमाशाचा घोटा. नावं शेवटी. त्या वाक्यासाठी मार्क कापले नाहीत. त्याखाली लाल पेनने लिहिलं: ‘कोणता भाग सिद्ध झालेला नाही? नाव दे.’ एका मुलीने उत्तर आणून दिलं: ‘माहीत नाही, सगळाच असेल.’ तिला पऱ्हाटीभाऊंचा प्रतिसाद वाचायला दिलाय. तिच्या घरी कापूस आहे.

पुढच्या चाचणीचा प्रश्न: ‘गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देईनाशी झाली. यातले निरीक्षण कोणते, स्पष्टीकरण कोणते, आणि त्या स्पष्टीकरणावरून आधीच केलेले भाकीत कोणते?’ पाच गुण.

निमसत्य

‘निरीक्षण’ आणि ‘स्पष्टीकरण’ इतकी स्वच्छ वेगळी करता येतात का, यावर पानभर लिहू शकतो.

खडूफळा

पाच गुणांत बसत असेल तर लिहा.

पऱ्हाटी

सर, प्रश्न एकदम बरोबर. पण पोरांनी बोंडात अळी पाहिली पाहिजे. हंगाम संपल्यावरही पऱ्हाट्यांच्या ढिगात सुकलेली बोंडं असतात, त्यात अळी झोपून राहते. तुमच्या भागात कापूस असेल तर कोणाच्याही धुऱ्यावर मिळेल. नसेल तर पत्ता कळवा, पार्सल करतो.

कुंभारमाशी

पार्सल नको हो! जिल्ह्याबाहेर जिवंत अळी पाठवू नका, प्रतिकारक्षम जनुकांची फुकट डिलिव्हरी होईल. फोटो पाठवा, मी मोठे प्रिंट काढून देते.